खाली बसवलेली गाडी दणके का देते?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मोटारगाडीची दुखणी म्हटली की आपल्याला इंजिन आठवते, ब्रेक आठवतात, बॅटरी आठवते. आज मी जरा निराळ्या दुखण्याविषयी बोलणार आहे. गाडी एका हाकेत सुरू होते, धूर नाही, आवाज नाही, पळतेही छान. पण रस्त्यातला एवढासा खड्डा थेट कंबरेत येतो. खेळाची, म्हणजे स्पोर्ट्‌स गाडी असली आणि तिची उंची कोणी हौसेने कमी केलेली असली, तर हे दुखणे हमखास आढळते. त्यावर लोक बराच पैसा खर्च करतात, आणि पुष्कळदा तो चुकीच्या जागी खर्च होतो.

माझा भाचा अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. त्याने हौसेने एक जुनी माझदा एमएक्स-५ घेतली. तिकडे तिला मियाटा म्हणतात. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांपुढे आली. दोन माणसांची, उघड्या टपाची, वजनाला टनाच्या आतबाहेर, इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना. एप्रिल २०१६ मध्ये या गाड्यांच्या उत्पादनाने दहा लाखांचा आकडा गाठला. मोठ्या ताकदीसाठी ही गाडी कधीच प्रसिद्ध नव्हती. प्रसिद्ध होती ती तिच्या चालीसाठी. चारही चाकांना वर एक आणि खाली एक असे दोन दोन आर्म, आणि वळणावर पाण्यातल्या माशासारखी वळणारी गाडी.

भाच्याच्या गाडीच्या आधीच्या मालकाने मात्र तिला खाली बसवले होते. मूळ स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा घातल्या होत्या. गाडी दिसायला झकास होती. चालवायला घेतली, आणि आठवडाभरात भाच्याचा फोन आला, "मामा, ही गाडी नाही, बैलगाडी आहे. शॉकअप गेले असणार." मी काही बोलायच्या आत त्याने चार नवे शॉकअप मागवलेसुद्धा, तेही चांगले कडक, शर्यतीच्या धाटणीचे. ते बसवल्यावर दुसरा फोन, "मामा, आता तर आणखी आपटते." तिसरा फोन आला तेव्हा आवाज उतरलेला होता. पावसात महामार्गावरून उतरताना, वळणात पुलाच्या सांध्यावरून गाडी गेली, दणका बसला आणि मागची बाजू सटकन बाहेर गेली. शेजारी बायको बसलेली होती. सुदैवाने मागे गाडी नव्हती.

तेव्हा मी त्याला म्हटले, "आता एकही नवा सुटा भाग घ्यायचा नाही. आधी मोजायचे." आमचे पुढचे दोन रविवार फोनवर याच कामात गेले. त्यातून जे निष्पन्न झाले, ते मी आज तुम्हाला सांगणार आहे.

पण त्याआधी स्प्रिंग काम कशी करते ते पाहू. घरच्या घरी करता येईल असा एक प्रयोग सांगतो. दोऱ्याला किल्ली बांधा आणि ती झुलू द्या. दोरा पंचवीस सेंटिमीटरचा असेल, तर किल्ली एका सेकंदात एक फेरी पूर्ण करते. दोरा अकरा सेंटिमीटरचा करा, दोन सेकंदांत तीन फेऱ्या होतील. सहा सेंटिमीटरचा केला तर सेकंदाला दोन. गाडीच्या स्प्रिंगचेही गणित नेमके हेच आहे. गाडीच्या वजनाखाली स्प्रिंग चाकापाशी मोजता जेवढी दबते, तेवढ्या लांबीचा दोरा समजा. मऊ स्प्रिंग जास्त दबते, म्हणून गाडी संथ डोलते. कडक स्प्रिंग कमी दबते, म्हणून गाडी भरभर हलते. घरगुती मोटारी साधारण सेकंदाला एक ते दीड वेळा हलतील अशा बांधतात. स्पोर्ट्‌स गाडीत हा आकडा दीड ते दोनच्या दरम्यान असतो. आपण चालताना शरीर साधारण याच लयीत वर-खाली होत असते, त्यामुळे ही हालचाल अंगाला खुपत नाही. खुपते ती सेकंदाला चार ते आठ वेळा होणारी वर-खाली थरथर. बसलेल्या माणसाचे शरीर त्या टप्प्यात सगळ्यात हळवे असते. पोटातली इंद्रिये आणि पाठीचा कणा तिथे जणू साथ देऊन हलू लागतात.

आता गंमत पाहा. बाजारात मिळणाऱ्या आखूड स्प्रिंगा मूळ स्प्रिंगांपेक्षा पुष्कळदा थोड्याशाच कडक असतात. समजा पाव पटीने कडक आहे. तर गाडीच्या हलण्याचा वेग वाढेल साधारण बारा टक्क्यांनी. एवढ्याने बैलगाडी होत नाही. मग दणके येतात कुठून?

ते येतात जागा संपल्यामुळे. चाकाला वर उचलले जायला ठरावीक जागा असते. त्या जागेच्या टोकाला शॉकअपच्या दांड्यावर एक रबरासारखा ठोकळा बसवलेला असतो. त्याला बंप स्टॉप म्हणतात, आपल्याकडे गॅरेजमध्ये नुसते 'बफर' म्हटले तरी कळते. हल्ली तो बहुधा फेसाळ पॉलियुरेथेनचा असतो. चाक फारच वर गेले तर लोखंडावर लोखंड आपटू नये, म्हणून ही शेवटची गादी.

एक सोपा हिशेब करू. समजा, उभ्या गाडीत चाकाला बफरला टेकेपर्यंत पाच सेंटिमीटर मोकळी जागा आहे. गाडी चार सेंटिमीटर खाली बसवली. राहिला एक सेंटिमीटर. पूर्वी जो धक्का स्प्रिंग पाच सेंटिमीटरमध्ये पचवत होती, तोच आता एका सेंटिमीटरमध्ये पचवायचा. स्प्रिंगने पचवलेली शक्ती अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे पाचाचा वर्ग पंचवीस आणि एकाचा वर्ग एक. तो धक्का एका सेंटिमीटरमध्ये पचवायला स्प्रिंग पंचवीस पट कडक लागेल. आणि आपण घातली आहे पाव पटीने कडक! म्हणून उरलेला सगळा धक्का बफरवर जातो. बफर टेकला की गाडी एकाएकी कितीतरी पट कडक होते. कडकपणा चौपट झाला तर हलण्याचा वेग दुप्पट होतो, आणि बफर जसजसा दबत जातो तसतसा तो आणखी वाढतो. म्हणजे दीड-दोनवरची गाडी थेट त्या चार-आठच्या हळव्या टप्प्याकडे जाते.

एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीत तर मुळातच चाकाला वर जायला जागा बेताची होती. मूळ बनावटीत बफर हा निव्वळ शेवटची गादी नव्हता, वळणावर तो दुसऱ्या स्प्रिंगसारखा मदतीला येत असे. अशा गाडीच्या मोजक्या जागेतून चार सेंटिमीटर काढून घेतले, की काय उरणार?

आणि हा प्रश्न केवळ कंबरेचा नाही. वळणावर गाडीचा भार बाहेरच्या चाकांवर जातो, ती बाजू दबते. बाहेरचे मागचे चाक आधीच बफरवर टेकलेले असेल आणि तेवढ्यात सांधा आला, तर चाकाला वर सरकायला वाव नसतो. मग चाकाऐवजी गाडीच उचलली जाते, लगेच तो टायर क्षणभर हलका होतो आणि पकड सुटते. रस्ता ओला असेल तर तो क्षण पुरेसा असतो. भाच्याच्या गाडीचे तेच झाले होते.

आता तपासणीकडे वळू. डॉक्टर जसा आधी विचारतो, दुखते कसे, ठणकते की टोचते, तसेच पहिल्यांदा दणक्याची जात ओळखायची. सपाट दिसणाऱ्या रस्त्यावरही सतत बारीक थरथर आहे का? मग संशय टायर, त्यातली हवा, आर्मचे बुश यांच्यावर. लहान खडबडीत भागावर गाडी ठीक आहे, पण मोठ्या खड्ड्यात 'धप्प' असा एकच बोथट दणका बसतो? मग बफर. चाक खड्ड्यात खाली पडताना 'टक्' असा धातूचा आवाज येतो? मग शॉकअपचा वरचा माउंट सैल आहे किंवा शॉकअप पूर्ण ताणून आपटतो आहे. पहिली एक-दोन उंचवटे ठीक जातात आणि पुढे ओळीने आले की दर वेळी दणका वाढत जातो? ही खूण लक्षात ठेवा, तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे. आणि गाडी मागे-पुढे घोड्यासारखी झुलते का? १९३० मध्ये रोल्स-रॉइस सोडून कॅडिलॅकमध्ये आलेले इंजिनिअर मॉरिस ऑली यांनी दाखवून दिले, की पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा मऊ हवी. उंचवट्यावर पुढची चाके आधी चढतात, मागची मागून. मागची बाजू थोडी जलद हलली तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी सपाट राहते. स्प्रिंगा बदलताना हे नाते उलटे झाले तर डोके सारखे मागे-पुढे हलते.

दुसरी पायरी फुकटातली. टायरमधली हवा. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ ला कंपनीने सांगितलेली हवा आहे २६ पौंड, तीही टायर थंड असताना. गाडी हलकी असल्यामुळे एवढी पुरते. भाच्याच्या टायरमध्ये निघाली ३६! पंपावरचा मुलगा मोठ्या मोटारींच्या सवयीने भरणार, आणि आपण बघणार नाही. टायर ही देखील एक स्प्रिंगच आहे, ती दगडासारखी फुगवली तर बारीक खडीही जाणवते. हवा २६ वर आणली आणि सपाट रस्त्यावरची थरथर गेली. 'धप्प' मात्र कायम. हेही चांगलेच झाले, दोन दुखणी वेगळी झाली. टायर बुटक्या कडांचे, म्हणजे लो प्रोफाइल असतील आणि अलॉय मूळ मापापेक्षा मोठे व जड असतील, तर त्याचाही हिशेब इथेच करावा.

तिसरी पायरी, उंची मोजणे. जमिनीपासून मोजू नका, कारण टायर बदलला की ते माप फसवते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंनी मोजा आणि वहीत लिहून ठेवा. चालकाच्या जागेवर तेवढे वजन ठेवून मोजलेत तर उत्तम. डावी-उजवी तफावत लक्षणीय असेल तर स्प्रिंग नीट बसली नाही किंवा तुटली आहे.

चौथी पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि तिला लागते एक नायलॉनची केबल टाय. गाडी सपाट जागी चाकांवर उभी असताना शॉकअपवरचे धुळीचे रबर वर सरकवायचे. शॉकअपच्या नळकांड्याची वरची कड आणि बफरची खालची कड यांत किती फट आहे ते मोजायचे. हीच तुमची शिल्लक. चाक याहून थोडे जास्त हलते, कारण शॉकअप आर्मवर चाकापासून जरा आत बसवलेला असतो. मग चकचकीत दांड्यावर केबल टाय बांधायची, सरकेल पण आपणहून घसरणार नाही इतपत घट्ट, आणि ती नळकांड्याला टेकवून ठेवायची. आता नेहमीच्या रस्त्यावरून नेहमीच्या वेगाने चक्कर मारून या. शॉकअप जेवढा दबला असेल, तेवढी ती पट्टी वर ढकललेली दिसेल. ती बफरपाशी जाऊन बसली असेल, तर निदान झाले. कोणत्याही यंत्राची गरज नाही.

भाच्याने मोजले. पुढे फट होती एक सेंटिमीटर, करंगळी जेमतेम शिरली. मागे फटच नव्हती. उभ्या गाडीत, आत कोणी बसलेले नसताना, मागचे दोन्ही बफर टेकलेले! म्हणजे गाडी स्प्रिंगांवर चालतच नव्हती, ती बफरांवर चालत होती. बफर बाहेर काढून पाहिले तेव्हा ते चेपून गुळगुळीत झालेले, कडांचा भुगा होऊ लागलेला. आणि आम्ही बदलले काय, तर शॉकअप. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

पाचवी पायरी बुशांची, आणि इथे पुष्कळ चांगले मेकॅनिकही चुकतात. आर्मच्या टोकांना जे रबरी बुश असतात, त्यांचे रबर आतल्या आणि बाहेरच्या लोखंडी नळीला चिकटवलेले असते. आर्म हलतो तेव्हा बुश फिरत नाही, रबर पिळले जाते. गाडी जॅकवर टांगलेली असताना बोल्ट आवळले, किंवा गाडी खाली बसवली आणि बोल्ट जुन्याच जागी आवळलेले ठेवले, तर ते रबर कायमचे पिळलेले राहते. ते चाकाच्या हालचालीला विरोध करते आणि लवकर फाटते. उपाय सोपा आहे. बोल्ट सैल करायचे, गाडी चाकांवर उभी करायची, दोन-चार वेळा दाबून हलवायची आणि मग त्याच उंचीला बोल्ट आवळायचे. भाच्याने हे केले तेव्हा गाडी किंचित आणखी खाली बसली, कारण इतके दिवस पिळलेले रबरच तिला थोडे उचलून धरत होते. म्हणून उंचीचा निर्णय बुश मोकळे केल्यावरच घ्यावा. मात्र गाडीखाली काम करताना नुसत्या जॅकवर विसंबू नका. लोखंडी स्टँड लावल्याशिवाय खाली शिरायचे नाही.

सहावी पायरी शॉकअप. शॉकअप गाडीला पेलत नाही, पेलते स्प्रिंग. शॉकअप फक्त हालचालीला आवर घालतो, दबताना आणि उलगडताना. तो उलगडताना फारच कडक असेल, तर एका उंचवट्याने दबलेली स्प्रिंग पुन्हा उलगडायच्या आत दुसरा उंचवटा येतो, मग तिसरा. गाडी पायरी पायरीने खाली खाली जाते आणि शेवटी बफरवर बसते. मघाशी सांगितलेली ओळीने वाढणाऱ्या दणक्यांची खूण ती हीच. भाच्याने घातलेले शर्यतीच्या धाटणीचे शॉकअप नेमके हेच करत होते. म्हणून नवे घातल्यावर दुखणे वाढले. त्यांना फिरवायची कळ होती, ती मऊ बाजूला आणली तेव्हा थोडा आराम पडला.

मग उपाय काय केला? काही जण सांगतात, बफर कापा किंवा काढून टाका. अर्धा उपाय यात आहे आणि मोठा धोकाही. बफर थोडा आखूड आणि मऊ जातीचा घालता येतो, पण मुळीच न ठेवता गाडी चालवली तर लोखंडावर लोखंड आपटते, शॉकअप आतून फुटतो, माउंट निकामी होतो. दुसरा मार्ग म्हणजे आखूड नळकांड्याचे शॉकअप, ज्यात खाली बसवलेल्या गाडीतही दांड्याला जागा उरते. एमएक्स-५ वाले आणखी एक गोष्ट करतात, दुसऱ्या पिढीच्या गाडीचे वरचे माउंट पहिल्या पिढीला बसवतात. त्याने वर थोडी जास्त जागा मिळते. पण सगळ्यात सरळ उपाय होता गाडी पुन्हा वर उचलण्याचा. भाच्याने भंगारच्या आवारातून मूळ स्प्रिंगांचा संच आणला, नवे बफर घातले, चाकांचे अलाइनमेंट करून घेतले. त्या सगळ्याचा खर्च आधीच्या शॉकअपपेक्षा बराच कमी आला. गाडी पूर्वीइतकी रुबाबदार दिसत नाही, हे त्याने कबूल केले. पण त्याच उतरणीवर, त्याच सांध्यावरून गेल्यावर त्याने सांगितले, "मामा, सांधा आला तो नुसता ऐकू आला."

श्रोतेहो, तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे मियाटा आहे? खरे आहे. पण खाली बसवलेल्या गाड्या आपल्याकडेही दिसतात, आणि आपले रस्ते ओहायोपेक्षा कडक परीक्षक आहेत. इंडियन रोड्‌स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि ताशी २५ किलोमीटरने ओलांडता येईल असा गोलाकार असावा. आपल्या गल्लीतला गतिरोधक तसा आहे का, हे तुम्हीच आठवा. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीत मूळ बनावटीपेक्षा वेगळे फेरफार करण्यावर बंधने आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ती अधोरेखित केली आहेत. तेव्हा हौस करण्याआधी तेही पाहावे.

आणि ज्यांनी गाडीला हातही लावलेला नाही, त्यांनाही हे लागू आहे. छोट्या गाडीत पाच माणसे आणि डिकीत आंब्याच्या पेट्या भरून कोकणातून घाट चढताना मागची बाजू दणके देऊ लागते, ती याच कारणाने. वजनाने स्प्रिंग दबते, शिल्लक जागा संपते आणि बफर बोलू लागतो. तिथे स्प्रिंगही बिघडलेली नसते आणि शॉकअपही नाही. उपाय एकच, ओझे कमी करा किंवा वेग कमी करा, विशेषतः वळणावर.

तर गाडी दणके देऊ लागली की लगेच शॉकअपची किंमत विचारू नका. आधी हवा तपासा, मग उंची मोजा, मग फट मोजा आणि एक केबल टाय बांधून चक्कर मारून या. चाकाला वर जायला जागा उरली आहे का, एवढे आधी पाहा. पैसे खर्च करायचे ते त्यानंतर.